घाटमाथ्यावरून दिसलेली गलबते

(अहिल्यानगर येथील एका व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी ‘नौकांचा इतिहास’ हा विषय मला कळविला, तेव्हा माझे एक स्नेही हसून म्हणाले, “नगरकरांना तुम्ही गलबतांचे काय सांगणार? आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायचे पाणीसुद्धा टँकरने येते.” विनोद म्हणून हे ठीक आहे. पण ‘समुद्र आपला नव्हे, तो कोकणातल्यांचा’ ही जी समजूत त्या विनोदामागे दडलेली आहे, तिची किंमत आपण काही शतके मोजली आहे. आणि ती मोजण्याची सुरुवात, सांगायला खेद होतो, याच नगर शहरातून झाली. म्हणून हा विषय येथेच मांडणे मला उचित वाटते.

प्रथम आपला भूगोल पाहू. अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले की पायाखाली कोकण पसरलेले दिसते. कड्याच्या खाली ठाणे जिल्हा सुरू होतो. त्याच जिल्ह्यात कल्याणची खाडी आहे. घाटवाटांनी माल उतरवणाऱ्या व्यापाऱ्याला समुद्र काही परका नव्हता.

आपल्या जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध प्राचीन वाहन कोणते, असे विचारले तर उत्तर येते, दायमाबादचा रथ. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी १९७४ साली एका शेतकरी बांधवाला जमिनीत चार ब्राँझच्या मूर्ती सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. चारही मिळून साठ किलोंहून अधिक वजनाच्या. उत्तर हडप्पा काळाशी त्यांचा संबंध जोडला जातो. आता गंमत पाहा. दायमाबादला ज्यांनी १९७४-७५ मध्ये उत्खनन केले, त्याच डॉ. एस. आर. राव यांनी त्याआधी गुजरातेत लोथल शोधले होते. लोथलला विटांनी बांधलेला सुमारे २१४ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद असा प्रचंड हौद निघाला. ती गोदी होती असे राव यांचे मत होते. काही विद्वानांना ते मान्य नाही, पण तेथे मिळालेल्या मातीच्या नौकांच्या प्रतिकृती तर कोणाला नाकारता येत नाहीत. त्यांपैकी एकीत डोलकाठी रोवण्याची खाच आहे. म्हणजे शिडाचे तंत्र त्या लोकांना ठाऊक होते. एकच संशोधक, एकाच संस्कृतीच्या परिघातील दोन स्थळे. एका ठिकाणी रथ, दुसऱ्या ठिकाणी नौका.

नौकेचा जन्म मात्र कोणत्याही राजाच्या गोदीत झालेला नाही. तो नदीच्या उतारावर झाला. वाळलेले भोपळे एकत्र बांधून किंवा दोन डोण्या शेजारी शेजारी जखडून जो तराफा करीत त्याला आपल्या भाषेत ‘सांगड’ म्हणतात. आज आपण ‘विचार आणि आचार यांची सांगड घालावी’ असे म्हणतो, तेव्हा नकळत गोदावरीच्या जुन्या नावाड्याचाच शब्द वापरतो. प्रवरासंगमला, टोक्याला, पैठणला, पूल होण्यापूर्वी पैलतीर गाठायचे ते असेच. नेवाशाला बसून ज्ञानेश्वर माउलींनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या सातव्या अध्यायात मायेला नदीचे रूपक दिले आहे आणि तो पूर तरून जाण्याच्या नाना खटपटींचे मोठे बहारीचे वर्णन आहे. प्रवरेचा पूर पाहिलेल्या श्रोत्यांना ते रूपक समजावून सांगावे लागले नसेल.

त्याच नेवाशाला डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ पासून उत्खनन केले, आणि रोमन बनावटीच्या मद्यकुंभांचे तुकडे हाती आले. ते कसे आले असतील? भूमध्य समुद्रावरून इजिप्तमार्गे तांबड्या समुद्रात, तेथून मोसमी वाऱ्यावर भडोच, सोपारा किंवा कल्याणला, आणि मग बैलगाड्यांतून घाट चढून गोदावरीच्या खोऱ्यात. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात पैठण आणि तेर येथून गाड्या भरून माल भडोचला जात असल्याचा उल्लेख आहे. शेवगाव तालुक्यातून गोदावरी ओलांडली की सातवाहनांची ती राजधानी. या सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. पठारावर राजधानी असलेला राजा नाण्यावर जहाज कोरतो, यावरून त्याची दृष्टी कोठवर जात होती ते समजते.

ती जहाजे दिसत कशी? अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात एक चित्र आहे. तीन उंच डोलकाठ्या, त्यांवर उभट शिडे, मागे सुकाणूची मोठी वल्ही, पाण्याचे रांजण. सोपाऱ्याचा व्यापारी पूर्ण याच्या कथेतील हे दृश्य मानले जाते. त्या काळी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फळ्या लोखंडी खिळ्यांनी ठोकीत नसत. काठाला भोके पाडून काथ्याच्या दोरीने त्या एकमेकींना शिवीत आणि सांधे राळ व तेलाने बुजवीत. शिवलेले जहाज म्हटल्यावर आपल्याला हसू येईल. परंतु वाळूच्या किनाऱ्यावर लाटेबरोबर आदळताना शिवण किंचित लवते आणि फळी फुटत नाही. खिळ्याभोवती मात्र ती चिरते. शिवाय खाऱ्या पाण्यात खिळा गंजतो, काथ्या टिकतो. भोजराजाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या ग्रंथात तर नौकेसाठी लाकडांचे वर्ण सांगितले आहेत. हलके पण कठीण असे ‘क्षत्रिय’ जातीचे लाकूड नौकेला उत्तम, असे त्याचे मत. खिळे वापरू नयेत कारण समुद्रातील चुंबकीय खडक ते ओढून घेतील, हे त्याने दिलेले कारण मात्र आज कोणी स्वीकारणार नाही. ग्रंथ आपला आहे म्हणून त्यातील प्रत्येक वाक्य शास्त्र ठरत नाही, हे आपण मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

यादवकाळात आपला हा सारा प्रदेश देवगिरीच्या सत्तेखाली होता. महादेव यादवाने तेराव्या शतकात कोकणच्या शिलाहार सोमेश्वराचा पराभव केला आणि सोमेश्वर समुद्रात बुडून मेला, असे हेमाद्रीने नोंदविले आहे. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला वीरगळांची एक रांग उभी आहे. त्यांतील काहींवर वल्ह्यांच्या ओळी असलेल्या, उंच नाळेच्या लढाऊ नौका कोरल्या आहेत. अनेक अभ्यासक त्यांचा संबंध याच युद्धाशी लावतात. घाटावरच्या राजाने समुद्रावर जाऊन लढाई जिंकली, असा हा प्रसंग.

आणि मग चक्र उलटे फिरले. याबाबतीत मला थोडे सविस्तर बोलावयाचे आहे.

१४९० मध्ये निजामशाही स्वतंत्र झाली आणि १४९४ मध्ये या शहराची स्थापना झाली. या राज्याचे मुख्य बंदर चौल. आजच्या रायगड जिल्ह्यात कुंडलिकेच्या मुखावरचे हे अत्यंत श्रीमंत बंदर. म्हणजे नगरच्या बाजारातील घोडा, रेशीम आणि मोती चौलवरून येत. १५०८ च्या मार्च महिन्यात या चौलच्या खाडीत एक मोठी लढाई झाली. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मैदा एका बाजूस. इजिप्तहून आलेला अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाज दुसऱ्या बाजूस. माघार घेताना लोरेन्सोचे जहाज मासेमारीसाठी खाडीत रोवलेल्या खुंटांत अडकले, वेढले गेले आणि तो मारला गेला. कोळ्यांच्या खुंटांनी जगातील त्या वेळच्या सर्वांत प्रबळ आरमाराचे जहाज धरून ठेवले! पण हा आनंद वर्षभरही टिकला नाही. फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवच्या लढाईत पोर्तुगीजांनी या संयुक्त आरमाराचा निकाल लावला.

दीवला काय घडले ते तंत्राच्या दृष्टीने समजून घेण्यासारखे आहे. युरोपात तोपर्यंत जहाजाच्या कुशीतच जड तोफा बसविण्याची रीत रूढ होऊ लागली होती. पाण्याजवळ वजन असल्याने जहाज कलंडत नसे आणि भिंतीतल्या झडपा उघडून मारा करता येई. काथ्याने शिवलेल्या नौकेला त्या तोफेचा मागचा धक्का सोसत नसे. जे लवचीकपण लाटेपुढे गुण होते, ते तोफेपुढे दोष ठरले. व्यापारी जहाज आणि लढाऊ जहाज यांच्या वाटा येथे वेगळ्या झाल्या.

या लढाईत निजामशाहीचे स्वतःचे आरमार कोठे होते? ते नव्हतेच. आपल्याच बंदरात परक्यांनी परक्यांशी लढावे आणि आपण तटावरून पाहावे, अशी स्थिती. पुढे १५२१ मध्ये पोर्तुगीजांना चौलला ठाणे करण्याची परवानगी मिळाली. मग समुद्रावरून जाणाऱ्या आपल्याच व्यापाऱ्यांना त्यांचे परवाने, म्हणजे ‘कार्ताझ’, विकत घ्यावे लागू लागले. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशाहाने प्रचंड फौजेनिशी चौलला वेढा घातला. वेढा कित्येक महिने चालला. पोर्तुगीज तटाच्या आत मूठभर. पण गोव्याहून आणि वसईहून त्यांना माणसे, दाणागोटा, दारूगोळा समुद्रावाटे पोहोचत राहिला. ज्या किल्ल्याची एक बाजू समुद्राला उघडी आहे त्याला तीन बाजूंनी वेढून उपयोग काय? १५७१ च्या पावसाळ्यात तह करून फौज परतली.

विजापूरला ‘मलिक-ए-मैदान’ ही अवाढव्य तोफ आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. सुमारे ५५ टन वजनाची ही तोफ १५४९ मध्ये ओतली गेली ती या नगर शहरात. एवढी तोफ ओतण्याची विद्या, एवढे धातुकाम, एवढा पैसा येथे होता. चार लढाऊ जहाजे बांधण्याची इच्छा तेवढी नव्हती.

मालोजीराजे आणि शहाजीराजे हे याच दरबारचे मातब्बर सरदार. भातवडीचे मैदान येथून हाकेच्या अंतरावर आहे. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली, तिचा किनारा वाटला गेला. त्या दरबाराच्या पडझडीतून वर आलेल्या घराण्यातील पुत्राने समुद्राकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर किती वेगळी होती! ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि लगोलग खाडीत नौका बांधण्यास प्रारंभ केला. या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. महाराज सिद्दीविरुद्ध नौका बांधतात असे सांगितले जात असले, तरी उद्या त्या आपल्यावर येतील हे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ओळखले आणि १६५९ मध्ये त्या तीनशेहून अधिक लोकांना काम सोडून निघून जाण्यास लावले. काम थांबले नाही. आपल्या कोळी, भंडारी, सुतार मंडळींच्या हाती ते आले, आणि माझ्या मते हा अडथळा उपकारकच ठरला.

कारण महाराजांनी युरोपची नक्कल केली नाही. गुराब आणि गलबत ही जोडी उभी केली. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची, पुढे निमुळत्या नाळेतून तोफा डागणारी. गलबत त्याहून हलके, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे, वारा पडला तरी धावणारे. इंग्रजांचे मोठे जहाज वारा असेल तेव्हा सिंह. वारा पडला की जागीच खिळलेले. अशा वेळी गलबतांनी गुराब ओढून शत्रूच्या मागे आणावी, तोफेने त्याच्या डोलकाठ्या पाडाव्यात आणि मग सर्वांनी मिळून चढाई करावी. उथळ खाडीत तर मोठ्या जहाजाला शिरताच येत नसे. ही या किनाऱ्यासाठी, या वाऱ्यासाठी घडविलेली युद्धविद्या होती.

१६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी यांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबईच्या तोंडाशीच किल्ला! इंग्रजांनी ‘रिव्हेंज’ आणि इतर जहाजे धाडली. ऑक्टोबरमध्ये दौलतखानाच्या आरमाराने त्यांच्यावर झडप घातली आणि ‘डव्ह’ हे जहाज पकडले. पुढच्या वर्षी इंग्रजांना तह करावा लागला. बेट स्वराज्याकडे राहिले. खांदेरी, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग हे चारही जलदुर्ग जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा मला त्या मायनाक भंडाऱ्यांची आठवण झाली.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे एक प्रकरण आहे, ते प्रत्येक घरात वाचले जावे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्यावाचून अडतील अशा तर नकोतच, असे त्यात सांगितले आहे. लाकडासाठी सागाची झाडे परवानगीने तोडावीत, परंतु रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ही झाडे तिने लेकरांसारखी वाढविलेली असतात, हेही तेथेच आहे. लढाऊ जहाजाच्या हिशेबात शेतकऱ्याच्या फणसाला जागा देणारे राज्य इतिहासात विरळा.

आता दुसरे दुःख. १७५६. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये निवर्तले. त्यांच्या मुलांत फूट पडली. विजयदुर्गचे तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेनासे झाले. त्यांचे वर्तन निर्दोष होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यांना वठणीवर आणण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. आंग्र्यांची जहाजे बंदरात एकमेकांना बांधून ठेवलेली होती. तोफेचा गोळा त्यांपैकी एकावर पडला. ते जहाज आंग्र्यांनीच पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेले होते. त्याने पेट घेतला आणि पाहता पाहता सगळे आरमार जळाले. मराठ्यांच्या सर्वोच्च सत्तेच्या संमतीने मराठ्यांचे सर्वांत बलाढ्य आरमार परक्यांनी जाळले. पुढील वर्षी क्लाइव्ह पलाशीला होता. आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ पकडून पराक्रम केला हे खरे, पण गेलेला समुद्र परत आला नाही.

काही जण विचारतात, मग आमची जहाजबांधणीची विद्या संपली होती का? मुळीच नाही. मालक बदलला. सुरतेहून १७३६ मध्ये मुंबईत आलेले लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांचे वंशज यांनी मुंबईच्या गोदीत ब्रिटिश आरमारासाठी सागवानी जहाजे बांधली. ‘कॉर्नवॉलिस’ हे त्यांपैकी एक. १८४२ मध्ये नानकिंगचा तह त्याच्यावर झाला. ‘त्रिंकोमाली’ हे दुसरे. १२ ऑक्टोबर १८१७ ला ते मुंबईत पाण्यात सोडले गेले आणि नोव्हेंबरच्या ५ तारखेला खडकीची लढाई झाली. इकडे पेशवाई बुडत होती आणि तिकडे आपलेच सुतार विजेत्यांचे जहाज तरंगवीत होते. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ते जहाज आजही पाण्यावर उभे आहे. ओकचे जहाज इतकी वर्षे क्वचितच टिकते.

आणि एक बेडी आपण स्वतःच घालून घेतली होती. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास पातकांत गणला आहे. पुढे कलिवर्ज्यात त्याची भर पडली. चोलांनी १०२५ मध्ये श्रीविजयावर आरमार पाठविले तेव्हा ही बंदी कोणी ऐकली नाही. पण नंतरच्या काळात परदेशी जाऊन आलेल्या माणसाला पंक्तीतून उठविण्यात आम्ही भूषण मानले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ज्या सात स्वदेशी बेड्या मोजल्या, त्यांत सिंधुबंदी होती. मार्सेलिसच्या बंदरात ८ जुलै १९१० ला जहाजातून उडी घेणाऱ्या माणसाला ते म्हणण्याचा अधिकार होता.

वाफेच्या युगात शिड गेले, कोळसा आला. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा उघडला आणि आपला किनारा परकीय कंपन्यांच्या वेळापत्रकावर चालू लागला. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये तुतिकोरीनला स्वदेशी जहाज कंपनी काढली. १९०८ मध्ये ते तुरुंगात गेले. मग सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी पुढे आले. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे, महायुद्धात इस्पितळ म्हणून वापरलेले जहाज त्यांनी घेतले. ‘लॉयल्टी’ हे त्याचे नाव, आणि कंपनीला नाव मिळाले सिंदिया. ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून लंडनला निघाले. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन आहे. गोऱ्या कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना बुडविण्याचा यत्न केला. वालचंदांनी विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना उभारला आणि १४ मार्च १९४८ ला ‘जलउषा’ पाण्यात उतरली. स्वातंत्र्यानंतरच्या विमानवाहू ‘विक्रांत’पर्यंतची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. कोचीत बांधलेली ती नौका २ सप्टेंबर २०२२ ला आरमारात दाखल झाली आणि त्याच दिवशी नौदलाच्या ध्वजावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला.

त्याहून मला जवळची वाटते ती एक लहान नौका. अजिंठ्याच्या त्याच चित्रावरून, काथ्याने शिवून, इंजिनाशिवाय बांधलेली. गोव्यात केरळच्या कारागिरांनी तिची शिवण घातली, मद्रासच्या आयआयटीत तिचे गणित तपासले गेले, आणि २१ मे २०२५ ला कारवार येथे ती ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात आली. लांबी जेमतेम वीस मीटर. २९ डिसेंबर २०२५ ला ती पोरबंदरहून निघाली आणि जानेवारीत मस्कतला पोहोचली. लेण्यातले चित्र चौदा-पंधराशे वर्षांनी अरबी समुद्रावर चालून गेले.

इतके सांगून मी नगरच्याच पाण्यावर परत येतो. २०२३ मध्ये एक बातमी आली होती. जायकवाडीच्या फुगवट्यातील, पलीकडच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील भिवधानोरा येथील मुले थर्मोकोलच्या तुकड्यांवर बसून, हाताने पाणी कापीत शाळेत जात होती. पाण्यातले साप दूर सारायला त्यांच्याजवळ काठ्या होत्या. उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. हा नाथसागर शेवगाव आणि नेवासे तालुक्यांच्याही काठाला लागून आहे. भोपळ्यांच्या सांगडीवरून निघालेला मनुष्य विमानवाहू नौकेपर्यंत पोहोचला. गोदाकाठचे मूल मात्र भोपळ्याच्या जागी थर्मोकोल घेऊन बसले. येथे काठावरच्या गावांतील कार्यकर्ते बसले आहेत. आपापल्या गावात किती मुले, किती स्त्रिया अशा पाण्यावरून जातात आणि त्यांच्यासाठी एक साधी, सुरक्षित होडी का नाही, एवढे मोजून आणा. पुढील बैठकीत आपण तेवढ्याच विषयावर बसू.

एक सूचना करून थांबतो. काही शिक्षकांनी विजयदुर्गची सहल ठरविली आहे. किल्ला तर पाहूच, पण तेथून जवळ वाघोटण खाडीत गिर्ये येथे खडकात खोदलेली आरमारी गोदी आहे, सुमारे शंभर मीटर लांबीची. ती ओहोटीला नीट दिसते, म्हणून निघण्याची वेळ भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून ठरेल. ज्यांना यायचे आहे त्यांनी बाहेर टेबलावरच्या वहीत नावे लिहावीत. मुलांची नावे आधी.